कंसातली कारकीर्द

(धाराशिव इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. प्रश्नोत्तरांतला निवडक भाग शेवटी दिला आहे.)



खेळाडूबद्दल जाहीर बोलायची वेळ आपल्याकडं सहसा सत्काराच्या दिवशी येते. शाल, श्रीफळ, चार शब्द, मग चहा. आज सत्कार नाही. नाटकाची, कादंबरीची, गाण्याच्या मैफलीची आपण समीक्षा करतो. तशी एका खेळाडूच्या कारकिर्दीची करता येते का, हे मला तुमच्यासमोर तपासून बघायचंय. खेळाडू आपल्याच जिल्ह्यातली आहे, खो-खोपटू सारिका काळे. तिच्या शेजारी मी एक अगदी लांबचा माणूस उभा करणार आहे, ऑस्ट्रेलियाचा गोल्फपटू पीटर थॉमसन. ही जोडी ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. थोडा वेळ द्या, का जुळवली ते कळेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. दोघांचाही उल्लेख मी एकेरी करणार आहे. खेळाच्या पानावर तीच रीत आहे आणि त्यात अनादर नाही.

आपण तिची गोष्ट कशी सांगतो

सगळ्यांना ठाऊक आहे ते आधी सांगून टाकू. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटीला दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात खो-खो होता. भारताच्या महिला संघानं सुवर्णपदक जिंकलं आणि त्या संघाची कर्णधार होती सारिका. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला त्याआधीचा अर्जुन १९९८ साली शोभा नारायण यांना मिळाला होता. म्हणजे मधली २२ वर्षं या खेळातल्या एकाही माणसाचं नाव त्या यादीत नव्हतं. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिका तुळजापूरला शासनाची क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होती.

त्या ऑगस्टमध्ये तिच्यावर भरपूर छापून आलं. बहुतेक सगळ्यांनी एकच धागा पकडला. घरची परिस्थिती बेताची, वडलांना शारीरिक अडचणीमुळं फारसं कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम करायची, घर आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचं. जवळजवळ दहा वर्षं आपण दिवसातून एकदाच जेवत होतो, हे तिनं स्वतः सांगितलं. मग प्रशिक्षक चंद्रजित जाधव, मग मैदान, मग सुवर्ण, मग अर्जुन, मग नोकरी.

यातलं काहीही खोटं नाही, आणि जे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं ते आपण झाकायचं काही कारण नाही. माझा आक्षेप निराळा आहे. तुम्ही एक प्रयोग करून बघा. त्या बातम्यांमधून ‘खो-खो’ हा शब्द काढा आणि तिथं ‘कुस्ती’ घाला, ‘धावणं’ घाला, ‘तिरंदाजी’ घाला. गोष्ट जशीच्या तशी उभी राहते. कुठंही ठेच लागत नाही. एखाद्या गायकावर लेख लिहिला आणि त्यातून गाणं काढून टाकलं तरी लेखाचं काही बिघडलं नाही, तर तो लेख गायकावर होता असं आपण म्हणू का? ती कशी पळायची, संरक्षणाला पहिल्या तुकडीत उतरायची की नंतर, तिची हूल कशी होती, खांबाजवळ गडी टिपायची की मधल्या चौकोनांतून, कर्णधार म्हणून तुकड्या कशा लावायची, यातलं एक अक्षर त्या गोष्टीला लागलं नाही.

भूक लक्षात राहिली आणि खेळ राहिला नाही, असं हे झालंय. ते का झालं आणि त्यानं कुणाचं काय बिघडतं, हाच आजचा विषय.

वाद घालता येईल अशी कारकीर्द

आता ऑस्ट्रेलियात जाऊ. पीटर थॉमसन १९२९ साली मेलबर्नमधल्या ब्रन्सविक भागात जन्मला. साध्या घरातला मुलगा. घराजवळ नऊ होलचं एक सार्वजनिक मैदान होतं, तिथं तो खेळायला लागला. पुढं व्यावसायिक झाला आणि ब्रिटिश ओपन ही गोल्फमधली सगळ्यांत जुनी स्पर्धा त्यानं पाच वेळा जिंकली. १९५४, १९५५, १९५६, म्हणजे सलग तीन. मग १९५८ आणि शेवटी १९६५. विसाव्या शतकात ही स्पर्धा सलग तीनदा जिंकणारा तो एकटाच. १९५२, १९५३ आणि १९५७ मध्ये तो दुसऱ्या स्थानावर होता. म्हणजे १९५२ ते १९५८ अशी सात वर्षं तो पहिला किंवा दुसरा, त्याच्याखाली नाहीच.

एवढं सांगितल्यावर आपण टाळ्या वाजवून मोकळे होऊ. गोल्फच्या जाणकारांनी तसं केलं नाही. ते म्हणाले, थांबा. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेचे बडे खेळाडू या स्पर्धेला फारसे यायचेच नाहीत. प्रवास लांबचा, बक्षीस तुटपुंजं, आधी पात्रता फेरी खेळा, त्यात तिकडचा चेंडूही आकारानं थोडा लहान. मग थॉमसननं हरवलं कुणाला? अमेरिकेत जाऊन त्यानं काय केलं? तिथल्या नियमित मालिकेत त्याच्या नावावर एकच विजेतेपद आहे, १९५६ चं, टेक्सासमधलं.

आक्षेप जड आहे. त्याला उत्तरही आकड्यांनीच मिळालं. १९६५ च्या स्पर्धेत जॅक निकलॉस होता, आर्नल्ड पामर होता, आदल्या वर्षीचा विजेता टोनी लेमा होता. थॉमसन तेव्हा पस्तीस वर्षांचा. त्यानं ती स्पर्धा दोन फटक्यांनी जिंकली. नंतर वयाची पन्नाशी ओलांडल्यावर तो अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या मालिकेत उतरला आणि १९८५ या एका वर्षात तिथल्या नऊ स्पर्धा जिंकून आला. तरी वाद मिटला असं नाही. त्याला आजवरच्या गोल्फपटूंमध्ये नेमकं कुठं बसवायचं, यावर अजूनही दोन मतं निघतात.

मला हेवा वाटतो तो या वादाचा. २०१८ साली वारलेल्या माणसाच्या १९५४ मधल्या खेळाबद्दल आज दोघंजण कडाकडा भांडू शकतात, कारण दर दिवसाचे फटके लिहिलेले आहेत. समोर कोण होतं ते लिहिलेलं आहे. थॉमसन स्वतःही मेलबर्नच्या वर्तमानपत्रात कित्येक वर्षं गोल्फवर लिहीत होता, दुसऱ्यांचा खेळ तोलत होता. तो साध्या घरातून आला हे त्याच्या चरित्रात येतं, पण ते चरित्राचं पहिलं पान असतं. पुढची सगळी पानं खेळाची असतात.

त्याचा आपल्या देशाशीही संबंध आहे. इंडियन ओपन ही स्पर्धा १९६४ साली दिल्लीत सुरू झाली, ती सुरू व्हावी म्हणून खटपट करणाऱ्यांत थॉमसन होता, आणि पहिलं विजेतेपदही त्यानंच घेतलं. पुढं १९६६ आणि १९७६ मध्ये पुन्हा. तेव्हा तो आपल्याला अगदीच परका नाही.

कंसातले दोन आकडे

आता परत खो-खोकडं येऊ. कुणी म्हणेल, गोल्फमध्ये एकट्याचा खेळ, फटके मोजायचे, सोपं आहे. खो-खोत कुणाचं काय मोजणार? तर मोजतात. आपल्या मराठी वर्तमानपत्रांनी त्याची फार छान रीत पाडलेली आहे. खो-खोच्या सामन्याची बातमी बघा. खेळाडूचं नाव येतं आणि पुढं कंस. समजा, ‘(२.१० मि. संरक्षण व ३ गडी)’. म्हणजे संरक्षणात ती दोन मिनिटं दहा सेकंद टिकली आणि आक्रमणात तिनं तीन गडी बाद केले. दोन आकड्यांत अख्खा सामना. शेवटपर्यंत टिकली असेल तर ‘नाबाद’. क्रिकेटच्या धावफलकाला जे पान लागतं ते आपण एका कंसात बसवलं.

हा कंस मला आवडतो. पण समीक्षक म्हणून त्यात काय मावतं आणि काय मावत नाही, हे बघितलं पाहिजे.

पारंपरिक खो-खोत नऊ मिनिटांचा डाव असतो. आठ जणी एकाआड एक उलट तोंडं करून बसलेल्या, नववी पाठलागावर. समोरून तीन-तीनच्या तुकडीनं संरक्षक येतात. पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय तिला मागं फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडं जाता येत नाही. संरक्षकाला मात्र सगळं मोकळं. ती मधून घुसते, साखळी पळते, दोघींच्या भोवती घिरट्या घालते. खेळाची सगळी गंमत या विषमतेत आहे. एकीला बंधनं आणि मागं आठ जणींची साथ. दुसरीला मोकळीक, पण ती एकटी.

आता बघा, गडी बाद कसा होतो. पाठलाग करणारी एकटी पळून बाद करते असं क्वचित घडतं. एक खो, दुसरा खो, तिसरा खो, संरक्षक खांबाकडं रेटली जाते, तिची साखळी तुटते, आणि चौथी उठून हात लावते. कंसात ‘१ गडी’ लिहिलं जातं ते चौथीच्या नावापुढं. तिसरीनं अर्धा सेकंद आधी खो दिला असता तर संरक्षक निसटली असती. तो अर्धा सेकंद थांबणं हे कौशल्य आहे, आणि ते कंसात नाही. खो देणारीची नोंदच नाही! खेळाचं नाव ज्या कृतीवरून पडलं तिचाच हिशेब नाही.

संरक्षणाचंही तेच. दोन मिनिटं दहा सेकंद. पण कुठल्या दोन मिनिटांत? तुकडीतल्या तिघीही मैदानात असताना, की दोघी बाद होऊन एकटी उरल्यावर? एकटीच्या मागं अख्खा संघ लागलेला असतो. तिचा एक-एक सेकंद मोलाचा असतो. आणि सुरुवातीची तुकडी जास्त टिकली तर मागच्या तुकड्यांवरचा भार हलका होतो, त्यांचे कंस सुंदर दिसतात. कष्ट एकीचे, आकडा दुसरीचा.

तरीही मी म्हणेन, हा कंस हीच आपली ठेव आहे. त्यात कमी आहे, पण जे आहे ते खेळाचं आहे. अधिकृत सामन्यात गुणलेखक बसलेला असतो, वेळाधिकारी असतो. कुणी कुणाला कितव्या मिनिटाला बाद केलं ते कागदावर उतरतं. म्हणजे गुणपत्रिका तयार होते. तिची कारकीर्द मात्र तयार होत नाही. सामना संपला, कागद आयोजकांच्या फाइलीत. बातमीतला कंस दुसऱ्या दिवशी रद्दीत. दहा वर्षांचे कंस कुणी एकाखाली एक लिहिले असते, तर अर्जुनच्या बातमीत लिहिणाऱ्याला भुकेशिवायही काही सापडलं असतं.

घरच्या माणसानं विचारायचा प्रश्न

आता मी एक अवघड प्रश्न विचारतो. तिच्याच जिल्ह्यात उभा राहून विचारतो, कारण तो इथंच विचारला पाहिजे.

२०१६ चं सुवर्ण किती मोठं? थॉमसनला विचारलं, समोर कोण होतं? तोच प्रश्न आपण सारिकाला लावू. दक्षिण आशियाई स्पर्धेत समोर शेजारचे देश. खो-खो हा खेळ मुळात आपल्याकडचा. पुण्यात १९१४ च्या सुमारास त्याचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले, १९५९-६० ला विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, पुढच्या वर्षी महिलांची सुरू झाली. शेजारी देशांमध्ये तो रुजायला लागून फार दिवस झाले नव्हते. म्हणजे भारत जिंकणार हा अंदाज कुणीही बांधला असता. मग कर्णधाराचं कर्तृत्व कशात?

हा प्रश्न अपमानाचा नाही. थॉमसनला जो मान मिळाला, तो असा प्रश्न पचवून मिळाला. माझं उत्तर असं आहे. त्या काळात खो-खोतली सगळ्यांत कठीण परीक्षा गुवाहाटीत नव्हती. ती भारताच्या आतच होती: राज्याच्या संघात येणं, राष्ट्रीय स्पर्धेत टिकणं, आणि देशभरातल्या मुलींमधून भारताच्या बारा जणींत बसणं. महाराष्ट्राच्या खो-खोचं वजन दीर्घकाळ पुणे, मुंबई, ठाणे, सांगली या बाजूला होतं. मराठवाड्यातल्या, नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या एका जिल्ह्यातली मुलगी त्या चाळणीतून जाते आणि देशाची कर्णधार होते, हे माझ्या दृष्टीनं सुवर्णापेक्षा मोठं आहे. सुवर्ण हा त्याचा शेवटचा टप्पा.

पण बघा, हे मी सिद्ध कशानं करणार? राष्ट्रीय स्पर्धांमधल्या तिच्या कंसांनी. कुठल्या राज्याविरुद्ध किती मिनिटं, कुणासमोर किती गडी. ते एका जागी नाहीत. म्हणून आपण पदकावर बोट ठेवतो, कारण पदक दिसतं. आणि पदकाला प्रश्न विचारला की निरुत्तर होतो. नोंद नसली की खेळाडूची बाजू घेणाऱ्याच्याही हातात काही उरत नाही, हे तिच्या चाहत्यांनी तरी ध्यानात घ्यायला पाहिजे.

व्यावसायिक म्हणजे काय

थॉमसनच्या नावामागं ‘व्यावसायिक गोल्फपटू’ असं लागतं. त्याचा अर्थ सरळ आहे: खेळून पोट भरणारा. तो तिशीत खेळला, चाळिशीत खेळला, १९८५ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी खेळून कमावत होता. खेळ हाच धंदा असल्यामुळं कारकीर्द लांबली, आणि लांबली म्हणून त्याला आपल्यावरच्या आक्षेपांना मैदानात उत्तर देता आलं.

सारिकाकडं बघा. २०१६ हे तिच्या कर्णधारपदाचं आणि सुवर्णाचं वर्ष. पैशाच्या ओढाताणीपायी खेळ सोडून द्यायचं तिच्या मनानं घेतलं होतं, तेही त्याच वर्षी. तिच्या प्रशिक्षकांनीच हे माध्यमांना सांगितलं होतं. समजूत घातली गेली, ती परत आली. ही घटना आपण ‘संघर्ष’ या शब्दाखाली ढकलून देतो. मला ती व्यवस्थेवरची टीका वाटते. देशाच्या कर्णधाराला खेळातून घर चालवता येत नाही, हे त्या खेळाचं अपयश आहे, आणि त्याचं आपण प्रेरणादायी वाक्य करून टाकतो.

मग सुटका कशात? नोकरीत. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. खो-खोतल्या, कबड्डीतल्या कित्येक मुली त्या आशेवर उन्हात पळतात. मी या आरक्षणाच्या विरोधात अजिबात नाही. एका घराची चूल त्यानं पेटते. पण त्याचा खेळावर काय परिणाम होतो तेही बघा. कारकीर्द म्हणजे नोकरीपर्यंत पोचायची वाट, असा अर्थ होऊन बसतो. प्रमाणपत्र मिळालं, वाट संपली. थॉमसननं पाचवी ओपन जिंकली त्या वयाला आपली खो-खोपटू मैदानाच्या कडेला शिट्टी घेऊन उभी असते.

पुरुषांसाठी एक दार उघडलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग सुरू झाली. संघांचे मालक, मानधन, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. दुसरा हंगाम २०२३ च्या डिसेंबरात कटकला सुरू झाला. दोन्ही हंगाम पुरुषांचे. ज्या जिल्ह्यानं खो-खोतली अर्जुन विजेती दिली, त्या जिल्ह्यातल्या मुलीला त्या लीगमध्ये उतरायला जागाच नव्हती. ‘व्यावसायिक महिला खो-खोपटू’ हे शब्द आपण लिहू शकतो, पण त्या शब्दांमागं त्या दोन हंगामांत एकही करार उभा नव्हता.

पुढच्या मुलींसाठी

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, आणि संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे. म्हणजे वाट एका मुलीपुरती नव्हती, ती पुढं वाहती राहिली. कुठल्याही कारकिर्दीचं मोठेपण मोजायची ही एक चांगली पट्टी आहे: मागून कोण आलं?

विश्वचषकाच्या नव्या पद्धतीत एखादी तुकडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त टिकली की संरक्षणालाही थेट गुण मिळतात. जुन्या खो-खोत संरक्षणाची किंमत फक्त समोरच्याला गुण न मिळण्यात होती. आता ती फलकावर दिसते. सामने पडद्यावर आले, चित्रण राहिलं. सारिकाच्या पिढीला जे मिळालं नाही ते अश्विनीच्या पिढीला थोडं मिळू लागलंय.

पण विश्वचषकाचे सामने मोजकेच. बाकीचा खेळ होतो तो तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या मैदानावर. तिथली कारकीर्द लिहायला कुणी दिल्लीहून येणार नाही. आणि नोंद नसली तर मैदानावरच्या तेरा वर्षांच्या मुलीला आपण काय शिकवतो? तिला एकच गोष्ट ऐकू येते, की मोठं व्हायचं तर आधी उपाशी राहावं लागतं. तिला हे ऐकू यायला पाहिजे की सारिका अमुक सामन्यात अशी पळाली, तिथं तिनं हूल दिली, इथं चुकली, पुढच्या डावात ती चूक सुधारली. उपाशी राहणं शिकायची गोष्ट नाही. पळणं आहे.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: गरिबीचा उल्लेख टाळायचा का मग? आमच्या लेकरांना त्यातूनच धीर येतो.

टाळायचा कशाला? ती तिच्या आयुष्यातली खरी गोष्ट आहे आणि तिनं ती सांगितली. धीर येतो हेही खरं. मी एवढंच म्हणतो, ती पहिल्या पानावर असू द्या, शेवटच्या पानापर्यंत नको. आणि सांगताना दुसरा प्रश्नही जोडा, की देशाचा संघ ज्या मुलीवर उभा राहणार होता तिला दहा वर्षं एक वेळचंच जेवण का मिळालं? धीर आणि जाब, दोन्ही एकाच गोष्टीतून निघायला पाहिजेत.

प्रश्न: गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ. त्याची तुलना आमच्या मातीतल्या खेळाशी कशाला?

आपल्याकडं तो महागडा आहे हे खरं. आपल्या भागात तर कुणी तो खेळताना दिसतही नाही. पण थॉमसन सार्वजनिक मैदानावर शिकला. आणि ज्या इंडियन ओपनची सुरुवात त्यानं जिंकून केली, तीच स्पर्धा १९९१ साली अली शेर यांनी जिंकली. ते आधी दिल्लीच्या मैदानावर कॅडी होते, म्हणजे दुसऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहणारे. ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. त्यांचीही गोष्ट गरिबीची आहे, पण त्यांचे फटके लिहिलेले आहेत. मी तुलना पैशाची करत नाही, वहीची करतो.

प्रश्न: मी शाळेत खेळ शिकवतो. वही ठेवा म्हणता, पण सामन्याच्या वेळी आम्हाला पाणी प्यायला उसंत नसते. लिहायचं कुणी?

संघात बारा जणी असतात, मैदानात नऊ. उरलेल्या तिघी काय करतात? टाळ्या वाजवतात. त्यांच्या हातात वही द्या. चार रकाने पुरेत: किती टिकली, किती बाद केले, बाद करण्याआधीचा खो कुणाचा होता, आणि ती एकटी असताना किती टिकली. शेवटचे दोन रकाने वर्तमानपत्राच्या कंसात नाहीत, ते तुमच्याकडं असतील. दुसरा फायदा असा, की लिहिणारी मुलगी खेळ बघायला शिकते. पुढच्या सामन्यात तिला उतरवा आणि फरक बघा. वही मात्र वर्ष संपल्यावर कपाटात टाकू नका. मुलगी शाळा सोडताना तिचं पान तिच्या हातात द्या, प्रमाणपत्राबरोबर.